डाळिंबावरचा तेल्या दरवर्षी परत का येतो? पुढची फवारणी घेण्याआधी हे तपासा

गेल्या वर्षी तेल्या आला. दहा-बारा फवारण्या घेतल्या, थंडीत बाग स्वच्छ दिसली, माल कसाबसा निघाला. यंदा जुलैत दोन मोठे पाऊस झाले आणि पानांवर पुन्हा तेच तेलकट ठिपके. औषध बदलून झालं, दुकान बदलून झालं, तरी रोग हटेना. सांगोला, आटपाडी, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात डाळिंब असलेल्या दर दुसऱ्या घरात ही तक्रार आहे. आमच्या घरातही सलग तीन वर्षं होती.

मी वनस्पती रोगशास्त्र शिकलो आहे आणि आमची स्वतःची दोन एकर भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे. शिकलेलं माहीत असूनही पहिली दोन वर्षं आम्ही सगळ्यांसारखंच वागलो: ठिपका दिसला की पंप पाठीला. त्या दोन वर्षांत पैसे गेले, पण मला त्याहून जास्त लागलं ते आबांचं, म्हणजे वडिलांचं. साठीतला माणूस रोज पहाटे बागेत जाऊन एकेक फळ फिरवून बघायचा आणि न बोलता परत यायचा. म्हणून हे सविस्तर लिहितोय. तुमच्या बागेत रोग परत परत येत असेल, तर दोष औषधात सापडण्याची शक्यता कमी आहे. तो कुठे सापडतो ते शोधायची पद्धत सांगतो.

आधी खात्री करा: हा तेल्याच आहे का?

हे वाक्य वाचून तुम्हाला वाटेल, आम्हाला तेल्या ओळखता येत नाही का? येतो. पण आमच्या शेजारच्या तात्यांच्या बागेत पूर्ण एक हंगाम डांबऱ्यावर तेल्याची औषधं मारली गेली, तीही तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाकडून. डांबऱ्या हा बुरशीचा रोग, तेल्या हा जिवाणूचा. लांबून दोन्ही फळावर काळे डागच दिसतात.

सकाळी लवकर बागेत जा. ठिपका असलेलं पान तोडून उगवत्या सूर्याकडे धरा. तेल्याचा ठिपका कोवळा असेल तर तो तेल लागलेल्या कागदासारखा अर्धपारदर्शक दिसतो, उजेड त्यातून आरपार येतो. ठिपक्याला कडा असते, तो थोडा कोनाकोनांचा असतो आणि भोवती पिवळं वलय पडतं. जुना झाला की मध्यभाग करपून तपकिरी होतो. म्हणून नेहमी सगळ्यात ताजा ठिपका शोधा, करपलेल्यावरून निदान करू नका.

फळावर खूण आणखी स्पष्ट असते. तेल्याचा डाग किंचित उंचावलेला, गडद तपकिरी ते काळा असतो आणि त्यावर भेगा पडतात, कधी सरळ, कधी तीन फाट्यांच्या, कधी चांदणीसारख्या. पुढे त्याच भेगांतून फळ उकलतं. डांबऱ्याचा डाग डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा, पसरट राहतो. त्यावर अशा भेगा पडत नाहीत. फळ डागाशिवायच तडकत असेल, तर बहुतेक पाण्याची ओढाताण झालेली असते: आठ दिवस कोरडं ठेवून अचानक भरपूर पाणी, किंवा बोरॉनची कमतरता. फुलकिड्यांनी खरवडलेलं फळ करड्या, खरबरीत सालीचं दिसतं. उन्हाचा चट्टा फळाच्या एकाच, पश्चिमेकडच्या किंवा वरच्या बाजूला असतो. यातल्या कशालाही जिवाणूनाशक लागत नाही.

अख्खं झाड किंवा एक फांदी पिवळी पडून सुकत असेल तर तो मर रोग. खोड आडवं कापून आत करडे-काळपट पट्टे दिसतात का बघा. त्याचा उपाय जमिनीतून करायचा असतो, तो वेगळाच विषय आहे.

अजूनही शंका असेल तर गावातल्या हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांना भेटा. मी हेच केलं होतं. पानावरच्या ताज्या ठिपक्याच्या कडेचा, निम्मा रोगट आणि निम्मा हिरवा असा तांदळाएवढा तुकडा ब्लेडने कापला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली कमी भिंगावर पाहिला. कापलेल्या कडेतून धुराचा लोट निघावा तसं काहीतरी गढूळ पाण्यात वाहत होतं. तो धूर म्हणजे जिवाणू, लाखोंच्या संख्येने. आबांना मी मुद्दाम सोबत नेलं होतं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे हे पानात जित्तं हाय. वरून मारल्यालं आत कसं पोचायचं?"

पुढचं सगळं त्यांच्या या प्रश्नाभोवती फिरतं.

फवारणीचं काम किती, हे नीट समजून घ्या

तेल्याचा जिवाणू झान्थोमोनास कुळातला. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीतून झाली, पण आपल्याकडे त्याने बागा उद्ध्वस्त केल्या त्या २००० नंतरच्या दशकात, भगव्याची लागवड झपाट्याने वाढली तेव्हा. सोलापूरला केगाव इथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सुरू झालं, आणि या रोगावरचं बरंचसं काम तिथूनच आलेलं आहे. गणेश, आरक्ता, भगवा यांपैकी एकही वाण याला दाद न देणारा नाही. त्यामुळे 'वाण बदलला की सुटलो' हा मार्ग आज तरी नाही.

हा जिवाणू पानाच्या श्वसनछिद्रांतून किंवा जखमेतून आत जातो. पावसाचा थेंब रोगट पानावर आपटला की त्याचे शिंतोडे उडतात आणि वारा ते पुढच्या झाडावर नेतो. हवेत दमटपणा, तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास, आणि अंगावर ओल. एवढं मिळालं की आठवड्याभरात नवे ठिपके तयार.

तांब्याची कोणतीही फवारणी पानाच्या वर पातळ थर बनवते. त्या थरावर पडलेला जिवाणू मरतो. आत शिरलेला मरत नाही. म्हणजे फवारणी हे कुंपण आहे. चोर घरात असेल तर कुंपण घालून उपयोग काय? ठिपके दिसल्यावर चार-चार दिवसांनी पंप चालवणारे आम्ही नेमकं हेच करत होतो.

मग चोर घरात कुठे बसलेला असतो? आमच्याकडे त्याच्या तीन जागा सापडल्या.

पहिली जागा: फांदीचं बेचकं

उन्हाळ्यात, ताणावर (पाणी तोडून) असलेल्या बागेत, पानं गळालेली असताना एक सकाळ काढा. सोबत फक्त चाकू आणि खूण करायला चुन्याची पिशवी. प्रत्येक झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या बघत जा, विशेषतः जिथून दुसरी फांदी फुटते ते बेचकं आणि डोळ्याजवळचा भाग. तिथं काळपट-तपकिरी, थोडा खोलगट किंवा चिरलेला पट्टा दिसला तर नखाने साल खरवडा. निरोगी फांदीत सालीखाली लगेच हिरवं लागतं. रोगट जागी तपकिरी लागतं. हलकं वाकवलं की फांदी बरोबर तिथंच कट्टकन मोडते.

पाऊस नसतानाचे दिवस रोग काढतो ते इथे. पानं गळून जातात, फळं तोडून होतात, बाग स्वच्छ दिसते, आणि सालीखाली जिवाणू शांतपणे जून उजाडायची वाट बघतो. या जखमेवर कितीही फवारा मारा, आत पोचत नाही. तिथं एकच औषध आहे, कात्री. डाग दिसतो त्याच्या किमान दोन इंच खाली, हिरव्या भागात कापायचं. डाग मुख्य खोडावर असेल आणि खोडाला वेढा घालून गेला असेल, तर ते खोड जमिनीलगत काढून नवा फुटवा वाढवायचा. हे करताना जीव तुटतो, मला माहीत आहे. आम्ही चार वर्षांची ३१ खोडं अशी काढली तेव्हा आई दिवसभर बागेकडे आली नव्हती.

कापलेल्या प्रत्येक जाड जागेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. 'उद्या लावू' म्हणून ठेवलं की ती उघडी जखम नव्या रोगाला आणि खोडकिड्याला दार होते.

दुसरी जागा: आपली कात्री

ही गोष्ट कळायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते बहुतेक बागांत हीच कळत नाही.

तिसऱ्या वर्षी मी वहीच्या मधल्या जोडपानावर बागेचा नकाशा काढला. २६ ओळी, प्रत्येक ओळीत २२ झाडं, एकूण ५७२ चौकोन. जूनअखेर पहिला ठिपका दिसल्यापासून रोज संध्याकाळी फेरी मारून रोगट झाडाच्या चौकोनात तांबड्या पेनने फुली मारत गेलो. पाच-सहा दिवसांनी वही उघडली आणि जे दिसलं ते बघून मी बांधावर बसलो. फुल्या इकडेतिकडे विखुरलेल्या नव्हत्या. नवव्या ओळीत मधल्या एका झाडापासून सुरू होऊन फुल्या पूर्वेकडे ओळीच्या टोकापर्यंत गेल्या होत्या, मग दहाव्या ओळीत पूर्वेकडच्या टोकापासून पश्चिमेकडे परत आल्या होत्या. सापासारखी वळणं.

वाऱ्या-पावसाने पसरलेला रोग असा वळत नाही. असं चालतं कोण? छाटणीची टोळी. एक ओळ करत जायचं, टोकाला वळायचं, दुसरी ओळ करत यायचं. नवव्या ओळीतल्या त्या झाडाच्या बेचक्यात जुना डाग होता. त्यावर चाललेली कात्री तशीच पुढच्या झाडावर गेली होती, आणि पुढच्या, आणि पुढच्या. छाटणीचे पैसे देऊन आम्हीच रोग टोचून घेतला होता. त्या मंडळींचा यात काही दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते मी.

उपाय साधा आहे, फक्त तो शेवटच्या झाडापर्यंत पाळावा लागतो. प्रत्येक छाटणाऱ्याला दोन कात्र्या द्या आणि एक छोटी बादली. बादलीत २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर तेवढंच पाणी मिसळलं की झालं. एक कात्री झाडावर, दुसरी बादलीत. झाड संपलं की अदलाबदल. असं केलं की थांबावं लागत नाही, आणि थांबावं लागत नाही म्हणूनच माणसं ते टाळत नाहीत. उन्हात या द्रावणाची ताकद उतरते, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर नवीन करा. त्यात ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, हातात मोजे घाला. या द्रावणाने लोखंड गंजतं, तेव्हा संध्याकाळी कात्र्या साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा.

आमच्याकडे छाटणीला येणाऱ्या मावशींना मी वहीतला नकाशा दाखवला होता. त्या दिवसापासून बादली त्या स्वतः मागून घेतात, आणि दुसऱ्यांच्या बागेत गेल्या तरी विचारतात, "औषधाची बादली कुठाय?"

छाटणी कोरड्या दिवशीच करा. दव वाळल्यावर सुरू करा. पाऊस येणार असं दिसत असेल तर दोन दिवस पुढे ढकला. आणि नकाशात ज्या झाडांवर फुल्या आहेत ती सगळ्यात शेवटी घ्या.

तुम्हीही नकाशा काढून बघाच, कारण त्याचा आकार पुष्कळ काही सांगतो. सापासारखी वळणं दिसली तर कात्री. बांधाकडच्या एका बाजूने आत सरकत असेल तर शेजारची बाग आणि वाऱ्याची दिशा. सखल कोपऱ्यात गोळा झाला असेल तर साचणारं पाणी आणि कोंदटपणा. नवीन लावलेल्या झाडांपुरताच असेल तर रोपं.

तिसरी जागा: खाली पडलेला पालापाचोळा

पानगळ करायची म्हणून इथेफॉन फवारतो, पानं धडाधड खाली पडतात, झाड मोकळं होतं, आणि ती पानं तिथंच राहतात. गळालेल्या रोगट पानात, सुकलेल्या फळात जिवाणू कित्येक महिने टिकतो. जूनचा पहिला मोठा थेंब त्या पाल्यावर आपटतो आणि शिंतोडा कोवळ्या पालवीवर जातो. पालवी जितकी जमिनीजवळ, तितकं लवकर.

म्हणून झाडून, गोळा करून, बागेबाहेर नेऊन जाळा. रोगट फळं बांधावर, ओढ्यात, विहिरीच्या कडेला टाकू नका. एरवी पाला कुजवून खत करावं असं मी कुणालाही सांगेन, पण तेल्या असलेल्या बागेत नाही. झाडून झाल्यावर झाडाखाली ब्लीचिंग पावडरीची फवारणी किंवा आळवणी करतात. तिचं प्रमाण तुमच्या जमिनीनुसार कृषी विज्ञान केंद्रातून विचारून घ्या, आणि ती करायची ती विश्रांतीच्या काळातच, म्हणजे झाडावर माल नसताना. जमिनीलगतचे दीड-दोन फुटांपर्यंतचे फुटवे काढून टाका.

मग बहार कोणता धरायचा?

इथे सल्ला देणं सोपं आणि पाळणं अवघड आहे. संशोधन केंद्र सांगतं की तेल्याग्रस्त बागेत पावसाळ्यात फळ झाडावर राहील असा बहार (फूल-फळाचा हंगाम) टाळा आणि हस्त बहार घ्या. कारण उघड आहे. मृग बहारात जून-जुलैत फूल येतं आणि फळ कोवळं असतानाच जुलै ते सप्टेंबरचा पाऊस अंगावर घेतं. हस्तात फूल सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळाची वाढ थंडीत, तोडणी मार्च-एप्रिलच्या सुमाराला.

पण माणदेशातला माणूस मृग धरतो तो हौसेने नाही. त्याच्याकडे पाणी तेव्हाच असतं. हस्ताचं फळ फुगायच्या वेळी, फेब्रुवारी-मार्चात, विहीर तळाला गेलेली असते. ज्याचं शेततळं आहे किंवा ज्याच्या शिवारात टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी वेळेवर येतं, त्याने बहार बदलावाच. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला 'हस्त धर' सांगणं म्हणजे त्याची अडचण न ऐकता सल्ला देणं. अशा बागेने मृग धरला तरी एक गोष्ट सोडू नये: तोडणीनंतर तीन-चार महिन्यांची पूर्ण विश्रांती. एका पाठोपाठ एक बहार घेतलेलं झाड दमलेलं असतं. त्याला पालवी उशिरा येते, ती लांबत राहते, आणि कोवळी पालवी म्हणजे जिवाणूला उघडं दार.

हस्ताचीही एक अडचण आहे, ती आधी कळलेली बरी. आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस जोरात असतो, त्यामुळे झाडाला ताण बसत नाही. पानगळ इथेफॉनवरच करावी लागते आणि छाटणीला कोरडे दिवस शोधावे लागतात. पहिल्या वर्षी आमच्या हस्ताचं सेटिंग (फळधारणा) निम्मंच झालं. घाबरून पुन्हा मृगाकडे वळायची इच्छा झाली होती. वळलो नाही. पुढच्या वर्षी झाडाने साथ दिली.

बोर्डो घरी करताना होणाऱ्या चुका

फवारणी हे कुंपण आहे असं मी म्हटलं, पण कुंपण पक्कं हवंच. विश्रांतीच्या काळात आणि छाटणीनंतर १ टक्का बोर्डोइतकं स्वस्त आणि भरवशाचं दुसरं काही मला माहीत नाही. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात मिलार्डे यांनी द्राक्षाच्या केवड्यावर हे मिश्रण १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि आजही ते कामाचं आहे. मात्र ते नीट केलेलं असेल तरच.

१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात वरच्या वर लटकवून ठेवा, सकाळपर्यंत सगळं विरघळलेलं असतं. तळाला टाकलं तर तसंच बसून राहतं. चुना दुसऱ्या पिंपात थोड्या पाण्याने विझवून, गार झाल्यावर ५० लिटर करून गाळून घ्या. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळा. लोखंडी भांडं वापरू नका. रंग आकाशी, गाढा यायला हवा.

आता घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण अजून आम्ल आहे, चुन्याची निवळी वाढवा आणि पुन्हा खिळा बुडवा. थर चढत नाही तोवर फवारू नका, पानं भाजतात. बाजारातला जुना, हवा लागून भुकटी झालेला चुना वापरला तर कितीही वाढवा, मिश्रण जमत नाही. आमचं पहिलं पिंप असंच गेलं होतं. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि त्यात दुसरं कोणतंही कीटकनाशक किंवा खत मिसळू नका. झाडावर कोवळी पालवी आणि फळं असताना तीव्रता अर्ध्यावर आणतात. फुलोऱ्यात टाळा.

पावसाळ्यात फवारणीची वेळ कॅलेंडरपेक्षा आभाळ बघून ठरवा. पाऊस येण्याआधी पान सुकं असताना चिकटद्रव्यासह घेतलेली एक फवारणी ठिपके दिसल्यावरच्या तीन फवारण्यांपेक्षा जास्त काम करते. मोठा पाऊस होऊन गेला की थर धुतला जातो, तेव्हा पानं वाळताच पुन्हा घ्या.

स्ट्रेप्टोसायक्लिनबद्दल

हे मनापासून सांगतो, कारण यावर आपल्याकडे फार सैल बोललं जातं. त्या छोट्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं. ही माणसांची प्रतिजैविकं आहेत. स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोगाची माणसं वाचवली आहेत. दर चार दिवसांनी, मनाला येईल त्या प्रमाणात ते बागेवर मारत राहिलं तर जिवाणू त्याला सरावतात. मग ते बागेतही चालत नाही, आणि सरावलेले जिवाणू बागेच्या कुंपणात थांबत नाहीत. केंद्र सरकारने शेतीतला याचा वापर थांबवण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये आदेशाचा मसुदा काढला होता. म्हणून दुकानदाराने पुडी हातात ठेवली की आज त्याची कायदेशीर स्थिती काय आहे आणि डाळिंबावर शिफारस आहे का, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच पुढे जा.

एका पंपात चार औषधं मिसळून देणारा सल्ला तर घेऊच नका. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी अशा एका मिश्रणाने तीन दिवसांत फूल गळालं होतं. जे औषध मिसळाल त्याची चिठ्ठी वाचा, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते वहीत लिहा.

रोपं घेताना

नवी बाग लावणार असाल तर सगळ्यात मोठा निर्णय लागवडीच्या दिवशीच होतो. तेल्या एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात उडत जात नाही, तो गुटी कलमाच्या (झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेल्या रोपाच्या) पिशवीत बसून जातो. आमची पहिली २०० रोपं एका रोपवाटिकेतून स्वस्तात आली होती. मातृबाग, म्हणजे ज्या झाडांपासून रोपं केली ती बाग, बघायला मागितली तेव्हा 'लांब आहे' असं उत्तर मिळालं आणि आम्ही ते चालवून घेतलं. नकाशातल्या नवव्या ओळीतलं ते झाड त्याच रोपांपैकी होतं.

मातृबाग पावसाळ्यात जाऊन बघा. उन्हाळ्यात कोणतीही बाग निरोगी दिसते. दाखवत नसतील तर रोपं घेऊ नका. लागवड १५ बाय १० फुटांपेक्षा दाट करू नका. चार वर्षांनी फांद्या एकमेकींत शिरल्या की आत वारा फिरत नाही, पान दुपारपर्यंत ओलं राहतं आणि नत्र जास्त झालेल्या लुसलुशीत पालवीवर रोग सगळ्यात आधी बसतो.

आता बागेत ठिपके असतील तर

हे वाचताना पावसाळा असेल आणि झाडावर माल असेल, तर मोठी छाटणी आता करू नका. रोगट फळं आणि टोकाच्या रोगट काड्या तेवढ्या कोरड्या दिवशी काढा, पिशवीत घालून बाहेर न्या, हात साबणाने धुवा. झाडाला हलवू नका, ओल्या बागेत माणसं आणि क्रेट फिरवू नका. व्यापारी माल बघायला आले तरी पानं वाळेपर्यंत त्यांना बांधावर थांबवा. संकोच वाटतो, पण थांबवा. नत्र बंद ठेवा. पावसाआधी तांब्याचं कुंपण चालू ठेवा. आणि आजच वही घेऊन नकाशा सुरू करा, कारण विश्रांतीत कोणती झाडं आधी बघायची हे तोच सांगणार आहे.

नमुना तपासायला नेणार असाल तर करपलेली पानं नेऊ नका. ताजे ठिपके असलेली सात-आठ पानं, डाग असलेली एक काडी आणि एक फळ, सकाळी तोडून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलं की संध्याकाळपर्यंत त्यावर भलतीच बुरशी धरते आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते. सोबत चिठ्ठी लिहा: बहार कोणता, छाटणी कधी, शेवटचा मोठा पाऊस कधी, आणि गेल्या महिन्यात काय काय फवारलं. लाजून काही लपवू नका.

आमच्या वहीत तिसऱ्या वर्षी १४३ फुल्या होत्या. चौथ्या वर्षी ५८. गेल्या वर्षी १९, त्यातल्या बारा पश्चिमेच्या बांधालगत, जिथं शेजारची बाग सुरू होते. म्हणजे आता प्रश्न एकट्या आमच्या बागेचा राहिलेला नाही. मेमध्ये ताणावर असताना तात्यांच्या आणि आमच्या दोन्ही बागांची बेचकी एकाच आठवड्यात तपासायची असं ठरलंय. चाकू आणि चुन्याची पिशवी आबांनी आताच कोनाड्यात काढून ठेवली आहे.